हे गृहस्थ कुठे बसतात?

शिरधनकरांनी सीपीयू आणला तो पोत्यात,
बासमतीच्या, तोंड सुतळीने बांधून.
कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस, जिन्याखालचं माझं दुकान,
दोन माणसं आत बसली की तिसऱ्याने पायरीवर.
ते पायरीवरूनच म्हणाले,
"भाच्याने विंडोज नवं टाकलं.
आता मी मला उघडत नाही."

म्हणजे फोल्डर उघडत नव्हतं.
जुनं होतं तिथेच होतं, डी ड्राइव्हमध्ये,
सोसायटीचे अकरा वर्षांचे हिशेब.
रविवारी सर्वसाधारण सभा,
आणि बी विंगमध्ये कुजबुज
की खजिनदाराने मुद्दामच पुसलं.

"नाव तेच टाकलंय हो मी.
पासवर्डसुद्धा तोच."
काका, नाव आपल्या सोयीसाठी असतं.
आत ते माणसाला नंबराने ओळखतं,
एस, एक, पाच, एकवीस, पुढे आकडेच आकडे.
नवं टाकलं की नवा नंबर.
जुन्या नंबराचा माणूस आता कुठेच नाही,
त्याचा शिक्का तेवढा राहिलाय फाइलीफाइलीवर.
मालक: अज्ञात खाते.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला
आणि तो आकडा अखेरपर्यंत वाचला,
ओठ हलवत, मीटरचं रीडिंग घ्यावं तसा.

मालकी बदलायला लावली.
हिरवी पट्टी, चार टक्के, चार टक्के, चार टक्के.
कटिंग मागवला.

माझा आजा चांगा या सेक्टरात काठी टेकत यायचा,
एटीएमसमोर उभा राहून सांगायचा,
"हितं माजी उघारी व्हती.
भरतीला लावाची, वहटीला खोलाची."
एसीच्या गार हवेत आतला वॉचमन
त्याला रोज विचारायचा, कार्ड आहे का?
कागद होते आज्याकडे, पिशवीभर.
त्यातलं नाव त्याचंच होतं.
फक्त नंबर बदलले होते सगळे,
सर्व्हे नंबरचा प्लॉट नंबर झाला होता.

एकसष्ट टक्के.

हिशेब उघडले, तर प्रिंटर चालेना.
सिस्टिमची एक फाइल खराब, ती बदलायला गेलो
तर पडद्यावर पाटी:
परवानगी ट्रस्टेड इन्स्टॉलरकडून घ्यावी.
शिरधनकर पुढे वाकले.
"हे गृहस्थ कुठे बसतात?"
मी हसलो. ते हसले नाहीत.
"नाही, सिडको भवनात असतील तर बघा,
तिसऱ्या मजल्यावर माझी ओळख आहे."

कसं सांगू त्यांना,
मी ॲडमिनिस्ट्रेटर आहे या यंत्राचा,
सगळ्या किल्ल्या माझ्या कमरेला,
आणि तरी ही एक खोली माझी नाही.
बरंच आहे म्हणा. ती माझी असती
तर भाच्याचीही असती.

काळी खिडकी उघडली.
मालकी घेतली, फाइल बदलली,
प्रिंटर खाकरला आणि कागद ओढू लागला.
पहिल्याच पानावर चारशे दोनवाल्याची थकबाकी,
गच्चीच्या गळतीचे साडेतीनशे, दोन हजार चौदापासून.
"सापडला!" शिरधनकर ओरडले,
कटिंग सांडला पोत्यावर.

तीन फाइली नाहीच उघडल्या.
दोनदा बघितलं, मग राहू दिल्या.

उठणार होते ते. म्हटलं, थांबा, एक राहिलंय.
काम झालं की मालकी परत द्यायची असते.
कोणी देत नाही. यंत्र आठवणही करत नाही,
चालतं तसंच, वर्षानुवर्षं.
पण द्यायची असते.
आणि यादीत हे नाव नसतं,
शोध म्हटलं तरी सापडत नाही,
अक्षर न् अक्षर हाताने टाकावं लागतं.

मी टाकत होतो.
शिरधनकर सुतळीची गाठ मारता मारता
पडद्याकडे बघत होते.
"आले का परत?"
कोण?
"ते गृहस्थ."