दगड घासणारा

छापखाना म्हणजे काय, तर जिनामागची एक खोली,
एक दाबयंत्र, तीन दगड,
आणि दस्तगीर कातिब, जो उलटं लिहायचा,
आरशातल्यासारखं.
उर्दू असो की मराठी, त्याला दोन्ही सारखीच.

माझं काम दगड घासायचं.
अंक निघाला की पूर्णेची वाळू, वरून पाणी;
सरकीचे भाव, लिलाव, संपादकांचे चार खडे बोल
गढूळ होऊन मोरीतून वाहून जात.
मला अक्षर येत नव्हतं.
म्हणून तर ठेवलं होतं. मालक हसून म्हणायचे,
"वाचता न येणारा पोऱ्या चुगली कशाची करील?"

पहिली ओली प्रत तहसिलीत न्यायची,
असा अलीकडचा हुकूम होता.
तिथला कारकून ती साहेबाला इंग्रजीत सांगायचा.
दुष्काळाच्या साली, पौषात,
शिपाई ती प्रत परत घेऊन आला:
एका मजकुराभोवती तांबडी रेघ.

मालकांनी टोपी काढून ठेवली.
दोन हजारांचा जामीन, कुठून आणणार?
बोटाने चौकोन दाखवला. एवढंच घास.
घासलं. शाई चिवट होती, दगड गार.
"काय होतं जी हे?"
दस्तगीरचाचा बोरू धूत राहिला.
"मानसं होती. सतरा. खडीच्या कामावरची.
सरकारच्या वहीत तीन हायेत."

अंक निघाला, मधे कोरा चौकोन घेऊन.
पारावर वाचता वाचता मास्तर तिथे थांबले.
गयाबाई तेलीण म्हणाली, "थांबले कायले? वाचा ना."
मास्तर म्हणाले, "वाचूनच तं राहिलो."

पुढच्या बुधवारी त्याच दगडावर
हरवलेल्या बैलाची जाहिरात:
तांबडा, कपाळी चांद, डावं शिंग खुजं,
आणून देणाऱ्यास दीड रुपया.
वाळू कमी पडली, की पाणी खारं होतं,
की माझाच हात,
बैलाच्या अंगाखालून राखेच्या रंगाची
नावं वर आली होती.
कंदिलाशी धरलं की दिसायची.
एका बैलासाठी
एवढ्या प्रती कधी खपल्या नव्हत्या.

फौजदाराने दगड बंडीत घालून नेला.
चाचा म्हणाला, "शाई मुरते, हुजूर."
मला कुणी विचारलंच नाही.

सातवं नाव सारजा होतं, बेलोऱ्याची.
माझी मावशी.
हे फार उशिरा कळलं,
जपून ठेवलेली एक चुरगळलेली प्रत मला वाचता आली तेव्हा.
उरलेल्या दोन दगडांवर
चाचाने मुळाक्षरं गिरवून घेतली होती.
उलटी, अर्थात. त्याच्या हाताला तीच सवय.

अजून कचेरीत सही करताना
माझा र उलटा पडतो.
कारकून हसतो, पुन्हा करा म्हणतो.
मी पुन्हा करतो.