साल बदलताना

एकतीस डिसेंबर, हॅलिफॅक्स, दुपारचे साडेतीन
आणि घरोघर दिवे लागलेले.
ओट्यावर वर्तमानपत्र अंथरून
मी शेजारच्या मिसेस ॲक्रॉइडचं ऑर्किड
कुंडीतून उपटून काढते.

"आठवड्यातून एकदा, लव्ह, बर्फाचे तीन खडे. बास."
ॲम्ब्युलन्समध्ये चढताना
तोंडावरचा मास्क बाजूला करून
एवढंच बोलली होती.
लव्ह इथे बसचा ड्रायव्हरही म्हणतो.
तरी.

तीन खडे?
पाहुण्याला कुणी मोजून तीन घास वाढतं?
मी रोज घातलं, तांब्याभर, वर विचारपूसही केली.
सहा आठवड्यांत सालीच्या तुकड्यांवर
पांढरा बुरा चढला,
ओला चमचा गेलेल्या लोणच्यावर चढतो तसा.
वास मिटून ठेवलेल्या ओल्या छत्रीचा.

निजायच्या खोलीत कपाटामागे हीच बाई,
फक्त काळ्या कपड्यांत.
घरमालकाचा माणूस येऊन गेला, मिस्टर ग्रीनवुड.
"स्वयंपाक फार करता वाटतं? खिडकी उघडत जा."
वरची पन्हळ फुटलीय.
पाणी कुठे मुरतंय ते मी बोटानं दाखवलं.
त्यानं फॉर्मवर लिहिलं: वाफ.

तर, आधी मुळं.
जिवंत ती कडक, हिरवट, रुपेरी.
बाकीची दोन बोटांत धरली की
सालटं सुटून हातात यायची
आणि आत नुसता दोरा.
कात्री गॅसवर तापवून घेतली.
अकरा कापली. बारावीपाशी थांबले,
ती अर्धी खरी होती.
जखमांवर मसाल्याच्या डब्यातली दालचिनी, वस्त्रगाळ,
कापलेल्या जागीच;
अंगभर लावली तर मूळच वाळून जातं.

लायब्ररीतल्या पुस्तकातली एक ओळ मात्र
घशाखाली उतरत नाहीय:
ऑर्किडचं बी म्हणजे धूळ,
त्याच्या गाठीला शिदोरी नसते.
रानात एखादी बुरशी त्याच्यात शिरते,
भरवते,
तेव्हा कुठे ते उगवतं.
म्हणजे हिच्या कुण्या लांबच्या मावशीला
मी चिमट्यानं उचलून बिनमध्ये टाकतेय.
ती वेगळी, ही वेगळी, मला कळतं.
हात जरासा अडखळला, एवढंच.

जुनी साल चुरा झालेली, चहाच्या चोथ्यासारखी.
तळाशी प्लॅस्टिकची एक पट्टी निघाली,
तिच्यावर पेन्सिलनं:
केनेथनं दिलं, २००९. पिवळं.

पिवळं!
मी इतके दिवस पांढरं धरून चालले होते.
आणि केनेथ कोण, ते सोळा महिन्यांत
कुंपणावरून कधी निघालं नाही.
आम्ही बिन कुठल्या वारी बाहेर ठेवायचे तेवढंच बोलायचो.

पट्टी धुतली, पुसली, परत खोचली.
नवी साल पाइनची, पिशवीतून कोरडी,
मुळांच्या फटीफटीतून बोटानं सारली.
आता साल बदलली.
रात्री बारा वाजता साल बदलेल.
हा विनोद सांगायला
या गल्लीत कुणी नाही.

सहा नंबरच्या वॉर्डमध्ये फोन लावला.
नर्स म्हणाली, छातीत पाणी आहे अजून, काढतोय.
तुम्ही नातेवाईक का?
मी म्हटलं, त्यांचं झाड माझ्याकडे असतं.
ती म्हणाली, बरं, सांगते त्यांना.
काय सांगणार, ते विचारायचं राहिलं.

आता आठवडाभर पाणी नाही.
तांब्या वरच्या फळीवर ठेवलाय,
स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही असा.
कुंडी उचलून बघते. हलकी आहे.
हलकीच असायला हवी.
खिडकीपाशी ठेवते, काच ओली झालीय ती पुसते,
भांडी घासते,
आणि येऊन
पुन्हा उचलून बघते.