पहिलं अक्षर

तार्तूत डिसेंबरात साडेतीनलाच अंधार पडतो.
ग्रंथालयाच्या तळघरात विर्वे
राईच्या काळ्या पावाचा तुकडा चघळत
आपल्या प्रॉम्प्टकडे बघते आहे.

आज्ञा लिहायची जागा ती, एवढीशी.
आणि तिथे येऊन कोण कोण बसलंय:
वेळ, सेकंदांसकट.
तिचंच नाव, जणू ती विसरेल.
यंत्राचं नाव, सात फोल्डर खोल गेलेली वाट,
गिटची शाखा, बाहेरचं तापमान,
आणि तावोने दिलेला एक हिरवा बाण,
कशाला, तर छान दिसतो म्हणून.

एंटर दाबला की ही सगळी मंडळी उठून
पुन्हा आपापली खुर्ची धरेपर्यंत
दीड सेकंद जातो.
शिवाय रंगांच्या कोडात कुठेतरी एक कंस राहिलाय,
त्यामुळे लांब ओळ कडेला पोचली
की मागे फिरून स्वतःच्याच अंगावर चढते.

विर्वेची आई नाटकात प्रॉम्प्टर होती.
रंगमंचाच्या काठाखालच्या खोबणीत एकतीस वर्षं,
गुडघ्यांवर लोकरी शाल, हातात वही.
ती म्हणायची, नटाला वाक्य द्यायचं नाही गं,
वाक्य त्याच्यापाशी असतं.
पहिलं अक्षर द्यायचं.
तेही त्याने मान जराशी वळवली तरच.

विर्वे फाइल उघडते.
तापमान जातं. शाखा जाते.
सेकंद, मिनिटं, तास.
बाणापाशी ती थबकते, तावोला काय सांगायचं?
काढते.
स्वतःचं नाव पुसताना काहीच वाटत नाही,
याचंच थोडं वाटतं.
शेवटी यंत्राचं नाव आणि ती लांबलचक वाट.

उरलं डॉलरचं चिन्ह, युरोच्या देशात,
आणि पुढे लुकलुकणारा कर्सर.
कसं मोकळं मोकळं!
दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी, आपण लुइकवर आहोत असं समजून
तिने कोत्कासवरचे लॉग उडवले.
इथल्या यंत्रांना पक्ष्यांची नावं आहेत,
लुइक हंस, कोत्कास गरुड.
बॅकअप होता. तरी कानाच्या पाळ्या
तापायच्या त्या तापल्याच.

संध्याकाळी एकच शब्द परत आला, यंत्राचा.
कोत्कासवर लाल.
बाकी कुठेही रंग नाही.

रात्री फोनवर आईला सांगितलं.
आई हसली, खोकली, मग म्हणाली:
एकदा आमचा एक नट दुसऱ्या अंकात
भलत्याच नाटकात शिरला होता.
संवाद चोख, एक शब्द इकडचा तिकडे नाही.
त्याला मी अक्षर नाही दिलं,
नाटकाचं नाव दिलं.

बरं, जेवलीस का?