एक हजार चारशे चाळीस

पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार,
अर्ध्या अर्ध्या तासाचे अठ्ठेचाळीस चौकोन.
प्रत्येकात कोड भरायचा,
झोप असली तर झोपेचाही.

घणसोली गावठाणात
गुणाबाय मढवी उंबऱ्यात बसून करंदी सोलत होती.
आतून नवरा म्हणाला, "ती कय करत नाय, घरानच असतं."
तिनंही मान हलवली, "कय नाय गो, बसलेलीच हाय."
पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी,
कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला फोन,
बोनकोड्याच्या लेकीला विचारत होती, ताप उतरला का,
आणि बोटं आपल्याच हिशेबानं चालू :
डोकं मोडायचं, काळा दोरा ओढायचा, टाकायचं.

मी विचारलं, साडेदहा ते अकरा?
म्हणाली, हेच.
हे म्हणजे काय काय, ते मी मोजत बसले.

कोपरखैरण्यात, एका खोलीच्या घरात, सुदाम ढाणे.
मसाला मार्केटात माथाडी. नखांच्या कडांना हळद.
बायको वाशीच्या इस्पितळात रात्रपाळीला, अजून परतायची होती.
तो मुलीच्या दोन वेण्या घालत होता
रिबिनीचं टोक दातांत धरून.
भाकरी, डबा, धुणं, सगळं सरळ सांगितलं,
आणि मी लिहायला लागले तेव्हा
रिबीन तोंडातून काढून म्हणाला,
"एवढं नका लिहू, मॅडम. गावी कुणी वाचलं तर?"
मी म्हटलं, नाव नसतं त्यात. फक्त आकडा.
"मग लिहा," म्हणाला. "पण थोडं कमी करून."

प्रशिक्षणात बजावलं होतं :
लोक फुगवून सांगतात, सावध राहा.
चोरून सांगतात,
हे कुठल्याच पानावर नव्हतं.

बेलापूरच्या ऑफिसात
गुणाबायचा फॉर्म तांबडा होऊन परत आला.
बेरीज एक हजार नऊशे दहा.
कुलथेसरांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"दिवस एक हजार चारशे चाळीस मिनिटांचा असतो,
सगळ्यांचाच. हिला का जास्त देता?"
वाईट माणूस नाही.
बेरीज त्यांनीही दोनदा करून पाहिली होती.
"एका वेळी एकच. जे मुख्य, ते ठेवा."

मुख्य काय?
मी आधी फोन काढला.
मग पाळणा.
उरली करंदी, तर तीही
विकायची किती आणि घरात खायची किती,
यावरून दोन वेगळ्या रकान्यांत जाते.
मी करंदीची वाटणी केली.
स्क्रीन हिरवी झाली.

पुढे कधीतरी तक्ता आला.
देशातल्या बायका एका ओळीत, पुरुष दुसऱ्या,
मध्ये केसाएवढी रेघ.
आकडा खोटा नाही, शपथेवर सांगेन.
फक्त दशांश चिन्हापलीकडे कुठेतरी
एक मूल पाळण्यात उठून बसलंय
आणि दोरी ओढायला कुणी नाही,
असं मला वाटत राहतं.

फेरतपासणीला पुन्हा घणसोली.
"कवरा लिवलास माजा?"
मी सांगितलं, नऊ तास.
ती हसली, तोंडाला पदर न लावता.
"नऊच? मंग बाकीचा कोन करून गेला?"

उत्तर देणाऱ्याकडून काही घेऊ नये, असा नियम आहे.
निघताना तिनं करंदी बांधून दिली,
सोललेली, मीठ लावलेली.
"यो पन लिव कुठंतरी."

बेलापूरच्या बसमध्ये पिशवी गळत राहिली
मांडीवरच्या कोऱ्या फॉर्मांवर.
साडेपाच ते सहाचा चौकोन ओला झाला.

घरी पोचल्यावर
ती कोण शिजवणार, यावर
आमच्याकडे फार चर्चा झाली नाही.