पाठमोरा

शिट्टी आणू नका, हिनलबेननं बजावलं होतं,
आवाजानं बिथरते.
मी आणलीच. खिशात ठेवली.
एकतीस वर्षं तरणतलावाच्या काठावर
तिच्याच जिवावर घर चाललं;
टोकाशी दातांचे दोन खळगे पडलेत.

म्हणून तर बोलावलं मला. "मोहितेकाका,
लोकांना लांब ठेवायची तुम्हाला सवय आहे."
सवय होती ती जवळ बोलवायची,
खोलातून उथळाकडे, या, काठाला या.
पण वनखात्याला एवढा फरक सांगून काय करायचं.

सिंधरोटला मही पसरट. फाल्गुनातली सकाळ.
कनुभाई माछीची होडी, दोराला बांधलेली नारिंगी पिंपं,
आणि माझ्या हातात लाल फडकं,
बायकोच्या जुन्या परकराचं, कडेची लेस तशीच.
दोनशे हात.
त्याच्या आत कुणी येता कामा नये.

मागे काठावर, पिंजऱ्यात, ती.
साडेनऊ फूट. जाळ्याचा नायलॉन जबड्यात रुतून
हाडाला लागला होता, सात महिने हौदात काढले.
नाव कुणी दिलं नाही. सव्वीस म्हणत.
डोळ्यांवर ओलं गोणपाट, तोंडाला सायकलची ट्यूब,
हे सगळं ऐकून माहीत.
मला नेमून दिलेली फळी होडीच्या टोकाची,
तोंड लोकांकडे, पाठ मगरीकडे.

होड्या येतच होत्या.
अलकापुरीचं एक जोडपं, लग्नाआधीचे फोटो काढायला,
मुलीचा घागरा वल्ह्यात अडकलेला.
काठीला मोबाइल लावलेली चार पोरं:
"काका, एकच, लांबूनच."
लांबूनच म्हणत म्हणत पिंपापर्यंत आली.
ओरडायचं नाही. फडकं हलवलं,
डोळे वटारले, तलावावर वटारायचो तसे.
कनुभाईनं वल्हं आडवं धरलं. मागे सरली.

मग मोटारची होडी. तीत ताजा गोटा केलेला माणूस,
मांडीत लाल कापड बांधलेला कलश,
शेजारी गोर, घड्याळाकडे बघत.
आता याला कुठल्या तोंडानं थांबवू?
फडकं वर झालं होतं, अर्ध्यातच राहिलं.
दहा बोटं दाखवली. दहा मिनिटं.
गोर काही पुटपुटला, मुहूर्ताचं असेल.
त्या माणसानं माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं
आणि स्वतःच मोटार बंद केली.
"मगर छे? तो बापुजी ऊभा रहेशे."

मागे कडी वाजली.
ट्यूब सुटल्याचा फटका.
मग काहीच नाही, खूप वेळ,
इतका की मान वळायला लागली माझी.
वळवली नाही.

घागऱ्यातल्या मुलीचा हात गळ्याशी गेला.
काठीवरचा मोबाइल हळूहळू खाली आला, पाण्याला टेकला,
पोराला पत्ता नाही.
कुणाच्या तरी मांडीवरचा एक मुलगा,
पुढचे दोन दात पडलेले,
त्याचं तोंड उघडलं ते उघडंच.
कलशवाल्यानं कलशावर तळवा ठेवला,
गर्दीत लेकराच्या डोक्यावर ठेवतात तसा.
पिंपं हलली. एक, मग पुढचं, मग एक सोडून.
आमच्या होडीला खालून कुणी
किंचित उचललं आणि ठेवलं.
कनुभाईनं श्वास सोडला तेव्हा मला कळलं
शिट्टी माझ्या तोंडात आहे,
जीभ खळग्यात.
फुंकली नव्हती.

"झालं," मागून हिनलबेन म्हणाली.
मी वळलो. चिखलात पोटाचा रुंद ओघळ,
त्यात पाणी भरत होतं.
कलशाची होडी आमच्या शेजारून गेली,
मोटार न लावता, वल्ह्यांवर.

रात्री ताराऊनं विचारलं, कशी होती?
मी म्हटलं, एका पोराचे पुढचे दात नव्हते.
मग सगळं सांगितलं, तोंड, घागरा, तळवा.
भात निवला तोवर.
ती ऐकत होती. शेवटी म्हणाली,
आणि माझं फडकं?

ते तिथंच राहिलं, तिसऱ्या पिंपाला बांधलेलं.