नमुना क्रमांक एक्केचाळीस

सोन्या मारुतीजवळच्या पेढ्या मिटल्या की
आप्पा कुंचा घेऊन निघायचे.
गटाराचं तोंड, पायऱ्यांच्या फटी,
कारागिरांच्या पाटाखालची धूळ
पोत्यात भरून घरी. मग परात, पाणी, गोल गोल फिरणारा हात
आणि शेवटी पाऱ्याचे चार थेंब.
पारा सोन्याला सोडत नाही, म्हणायचे,
बायको सोडेल.

मग तो गोळा स्टोव्हवर. धूर पत्र्यापर्यंत जाऊन
परत खाली यायचा.
त्याच खोलीत मी पाढे पाठ करायचे.
आईचा रोज एकच प्रश्न: किती निघालं?
आप्पा बोटाच्या टोकावर धरून दाखवायचे.
कधी गुंजभर. कधी नुसतंच बोट.

आता पाषाणला, चौथ्या मजल्यावर, मी सोनं उकळते.
लिंबूपिवळं पाणी, त्यात सायट्रेट टाकलं
की आधी विटतं, काळवंडतं,
मग मिनिटभरात कोकम होतं.
इतकं बारीक केलं की सोनं पिवळं राहत नाही,
हे आप्पांना सांगितलं तेव्हा म्हणाले,
मग गिऱ्हाइकाला पटवणार कसं?

नखाएवढी छापील पट्टी. तिच्यावर हे कोकम,
दोन मायक्रोलिटर, रात्रभर सुकवलेलं.
विजेचा दाब हळूहळू वाढवायचा.
रेघ सपाट चालत राहते,
आणि जिथं पारा आहे तिथं टेकडी येते.
मेढेकर मॅडमना टेकडी टोकदार हवी.
लिफ्ट सुरू झाली की रेघ थरथरते,
म्हणून आम्ही रात्री मोजतो, लिफ्ट बंद झाल्यावर.

चाळीस नमुने झाले. बल्बच्या कारखान्यातले, दवाखान्यातले,
दोन आमचेच.
त्यातल्या माझ्यात बारीकसा उंचवटा होता.
मी तो यंत्राचा दोष धरला.

एक्केचाळिसावी बाटली मी फडक्यात गुंडाळून आणली,
बसमध्ये मांडीवर धरून.
कशाला हवी, हे आप्पांनी विचारलं नाही.
संमतीपत्र मात्र दोनदा वाचलं,
मग सही केली: मुंगळा कागदावरून पळावा तशी.
त्यांना आता कप धरवत नाही, बशी वाजते.
वय झालं, म्हणतात डॉक्टर.

रात्री साडेअकरा. मी आणि तन्वीर.
रेघ निघाली, अर्ध्या व्होल्टच्या अलीकडे उचलली गेली,
चढली, चढतच राहिली.
तन्वीरनं मोजमाप बदललं, तरी पडद्याबाहेर.
पट्टी खराब असेल, तो म्हणाला.
दुसरी घेतली.
तिसरी.

नोंदवहीत: पुरुष, सदुसष्ट. व्यवसाय
इथं पेन थांबलं.
शाळेच्या दाखल्यावर बाईंनी ‘झाडूकाम’ लिहिलं होतं,
आप्पा तेव्हा काही बोलले नव्हते.
मी लिहिलं, झारेकरी.
हे काय असतं? तन्वीरनं विचारलं.
सांगू लागले, पण पराती फिरवून दाखवायला
हातात काही नव्हतं, नुसतेच हात फिरवले.

सकाळी मॅडम आलेख पाहतील. सुंदर आहे म्हणतील.
आहेच.

घरी पोचले तेव्हा आप्पा जागे होते,
दिवा न लावता बसलेले,
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.
चपला काढेपर्यंत थांबले.
मग म्हणाले,
किती निघालं?