रकाना चौथा

हिडकलच्या मागच्या पाण्यावर, उजाडायच्या आधी,
परडीत ओला टॉवेल, टॉवेलाखाली मरळ.
माझ्या मांडीवर ऑफिसचा तक्ता, छापील कन्नड,
त्याखाली मी पेन्सिलीनं मराठीत लिहिलेलं:
लांबी. वजन. जाळं की गळ.
आणि चौथा रकाना, जात.

सातेरीमामा मासा उचलत नाही, आधी तळहात भिजवतो.
कोरड्या हातानं धरलंस तर तिचा बुळबुळा निघतोय,
मग काय वाचूलास, पुसलेली पाटी?

ही बघ, पट्ट्याची.
पाठीवरनं पोटाकडं उतरलेले काळे फराटे,
मधेच कोपरात मोडल्यागत.
तळ्यातली ही. उसाच्या पाटातनं सरपटत
एका डबक्यातनं दुसऱ्यात जाणारी.

ही फुलाची.
शेपटीच्या मुळाशी काळा डोळा, त्याला केशरी कड,
अंगभर चुन्याचे शिंतोडे,
कुणी पान लावता लावता बोटं झटकल्यागत.
हिरण्यकेशीतनं आलेली, खडकाखाली राहिलेली.
हूविन मुर्ल, पलीकडून सत्यव्वा म्हणते.
हूवु म्हणजे फूल.
मामानं ते फूल तिच्याकडून घेतलं असेल,
किंवा तिनं त्याच्याकडून.
चाळीस वर्षं एकाच काट्यावर वजन करणाऱ्या माणसांना
कोण विचारणार.

आणि ही शाळेतली.
बीजकेंद्रातनं पिशवीत भरून सोडलेली.
पट्टे सगळे सारख्या अंतरावर, दुरेघी वहीगत.
मामा तिला हसतो. पण विकताना
भाव तोच लावतो.

तीन महिने मी हेच शिकलो.
एकदा छातीठोक म्हणालो, तळ्यातली.
मामा म्हणाला, नदीचीच की रे,
उन्हाळाभर नावेच्या सावलीत राहिली म्हणून काळवंडली.
आणि पिल्लं?
पिल्लं सगळी केशरी, उकळी आल्यागत पाण्यावर,
खाली त्यांची आई.
त्यांच्यातलं मलापण कळत नाही, म्हणाला,
आणि बिडी शोधायला लागला.

मग ती आली, कोरी.
पाण्याखालच्या जुन्या रस्त्याच्या मोरीजवळ लागलेली,
माझ्या अख्ख्या हाताएवढी.
पट्टा नाही, शिंतोडा नाही,
शेपटीचा डोळा धुरकट, काजळ पुसल्यागत.
मामानं तिला उजेडाकडं वळवली.
ओंजळीनं पाणी घातलं, दोनदा, तीनदा.
येनू इल्ल, सत्यव्वा म्हणाली. काही नाही.

काय लिहू?
थांब की.

मरळ पाण्याबाहेर लगेच मरत नाही.
वारा पिते.
हे मला माहीत होतं, तक्त्याच्या मागं छापलेलं होतं.
तिनं तोंड उघडलं असणार,
कारण दोघंही एकदम वाकले
आणि दोघंही एकदम म्हणाले, बघितलास?

मी रकान्याकडं बघत होतो.

पट्टे, मामा म्हणाला, आतनं वर आले,
पडद्यामागं कंदील नेल्यागत, आणि गेले.
हूवु, सत्यव्वा म्हणाली, बरीच हूवु, मी मोजली.
पट्टे.
हूवु.
मी मान वर केली तेव्हा परडीत एक राखाडी मासा होता,
कल्ले झाकलेला, कुणाचाच नसलेला.

हुक्केरीची गाडी येईपर्यंत ते भांडले.
तो तिच्या भाषेत, ती त्याच्या,
शिव्या तेवढ्या ज्याच्या त्याच्या.
मधेच सत्यव्वानं मला चहा दिला,
माशाचा वास असलेल्या पेल्यात.

चौथा रकाना मी मोकळाच ठेवला.
पण घडी घालताना कुठनं तरी एक खवला
नेमका तिथंच चिकटला आणि वाळला.
बेळगावात टेबलावरच्या साहेबांनी
तो नखानं खरवडला,
उजेडाला धरला,
आणि विचारलं, हे काय?